लाल पद काळं झालं

मी सातवी शिकलेला. इकडं उत्तरेत रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. बायको मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, रंगीत खडूनं. समीकरणातलं जे पद या बाजूकडून त्या बाजूला जायचं ते लाल, बाकीचं पांढरं. ढ पोरीलाही दिसायचं, कोण उठून कुठं गेलं.

रिटायर झाल्यावर तिनं त्याचं हिंदीत पुस्तक करायला घेतलं. मुलगा पुण्याला नोकरीत. त्यानं आमच्या प्रेम नगरच्या घरी कॉम्प्युटर लावला, त्यावर छपाईसाठी गणित जुळवायची एक रीत तिला शिकवली. आधी रंगाचं नाव लिहायचं, मग त्या पदाभोवती महिरपी कंस घालायचा. कंस मिटायचा राहिला की पानच तयार होत नसे. उणे चिन्हाला रंग दिला की ते शेजारच्या आकड्याला जाऊन चिकटायचं.

"अहो, बघा हो, परत चिकटलं!"

"ढकल त्याला."

"हो, आणा तुमचा हातोडा."

आजारपणात पाठीला उशी लावून कंस घालत बसायची. शेवटचा धडा झाला आणि गेली.

वर्षश्राद्धाला पुस्तक वाटायचं ठरलं. मुलानं इथल्याच लक्ष्मी गेटजवळच्या छापखान्यात छापून घेतलं, त्याच सकाळी गठ्ठे घेऊन आला. मी एक प्रत उघडली. सगळं काळं.

"रंग कुठं गेले रे?"

"बाबा, रंगीत जरा पोरकट दिसत होतं. फाईलच्या सुरुवातीला एक शब्द टाकला की सगळं काळं होतं. बाकी आईची फाईल आहे तशीच आहे."

एक शब्द! तिनं एकेका पदाला कंस घातला होता.

मी पान त्याच्यापुढं धरलं. "वाच."

त्यानं वाचलं. "अब लाल पद को देखिए, वह दाईं ओर चला गया।" मग म्हणाला, "अरे, हे बदलायचं राहिलंच."

आत ब्राह्मण पानावर बसले होते. मेव्हणी बाहेर आली. "भाऊजी, आज नको हो. कोण आत उघडून बघतंय? वर ताईचा फोटो आहे ना, झालं तर."

फोटोसाठी मरमर केली का तिनं त्यावर? शेजारचे गृहस्थ एक प्रत घेऊन "भाभीजी की निशानी" म्हणत कपाळाला लावत होते. ती मी हातातनं काढून घेतली. सगळे गठ्ठे परत बांधले.

"तो शब्द काढ, परत छाप. तोवर कुणाला मिळणार नाही."

"बाबा, मला उद्या निघायचंय."

"जा मग."

गेला. फोनवर विचारलं तर म्हणतो, बघतो. तिच्या शाळेतल्या बाई बाजारात भेटतात. "बाबूजी, मैडम की किताब आ गई?"

मी सांगतो, "नहीं आई."