शीतगृहाचा पाहुणा आणि माझी जीभ

माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या मुरुडला ठाऊक आहे. मी सांगितलेल्या सुरमईची लांबी ऐकली की लोक आधी तिची निम्मी करतात, मग उरलेल्याची पुन्हा निम्मी करतात, आणि तरीही ती टोपलीबाहेर लोंबतेच. आमच्याकडे ही रीतच पडून गेली आहे. पण सरकारला ती कोणी शिकवली नव्हती.

नारळीच्या बागेत माझं तीन खोल्यांचं लॉज आहे. मागे एकदा पावसाळा सरून होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, तेव्हा एक परदेशी इंजिनीयर तिथे राहायला आला. माणूस एवढा उंच, की पलंगावर आडवा झाला तर डोकं मुरुडला आणि पाय श्रीवर्धनला. त्याच्या कंपनीला इथे मासळीचं शीतगृह आणि त्याला लागून छोटी जेटी बांधायची होती. पैसा सगळा त्यांचा. जागा पाहण्यासाठी दिल्लीहून मिळालेला परवानगीचा कागद त्याच्या पिशवीत होता. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं. मी तो चप्पल काढत असतानाच कळवलं.

त्याच्या येण्याचा सगळ्यांत जास्त आनंद माझ्या बायकोला झाला. ती कोळ्यांची लेक, मासळी विकते. होड्या एकदम लागल्या की बर्फ पुरत नाही, दुपारपर्यंत मासळी मऊ पडते, आणि मग व्यापारी तोंडाला येईल तो भाव बोलतो. पहिल्याच सकाळी तिने चहाबरोबर प्रश्न ठेवला, "अवो, इचारा त्याला, बायकांना आत जागा देनार काय?" मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. त्याने कागदावर बायकांसाठी वेगळं दार काढलं. हिने कमरेला हात लावून दाखवलं, ओटा एवढाच उंच हवा, म्हणजे टोपली उतरवायला दुसरं माणूस लागणार नाही. त्याने रेघ खोडून ओटा खाली घेतला. त्या दिवसापासून त्याच्या ताटात पापलेट आणि माझ्या ताटात मांदेली.

तो रोज भाड्याच्या होडीतून जायचा आणि एका छोट्या यंत्राने जेटीच्या जागेचं पाणी बघायचा. इथे मी माती खाल्ली. सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरच्याने विचारलं, "काय रे, तुझा पाहुणा समुद्रात काय करतो?" पाणी बघतो, असं सांगून गप्प बसलो असतो तर मी मी कसला! म्हणालो, "त्याचं यंत्र म्हणजे काय समजलास? कोळंबीच्या पोटातली अंडी मोजतं. खालून पाणबुडी गेली तर तिचे खिळे मोजतं!" सगळं सलून हसलं. मीही इतका हसलो की फेस नाकात गेला.

तिसऱ्या दिवशी आमच्याच आळीतला हवालदार दारात आला. चेहरा पडलेला. त्याच्यामागे जिल्ह्याहून आलेल्या एक अधिकारी बाई होत्या. पाहुणा खोलीत होता, यंत्र टेबलावर.

"पाणबुडीचे खिळे मोजतं, असं तुम्ही म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, थाप मारली."

"व्हय मॅडम," हवालदार घाईने म्हणाला, "ह्याला सवयच हाय."

"मग खरं काय ते सांगा."

जन्मात पहिल्यांदा मी पोलिसांसमोर नागडं सत्य सांगितलं. "काही नाही हो, कुठे किती वाव पाणी आहे, तेवढंच मोजतो."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे समुद्राची खोली मोजतो. त्याची परवानगी वेगळी लागते. ती आहे?"

ती नव्हती. ती दुसऱ्या खात्यातून यायची होती, वाट बघून कंटाळला म्हणून त्याने काम सुरू केलं होतं. चूक त्याचीही होतीच. थापेवर सगळे हसून मोकळे झाले असते. खरं बोललो आणि तेच अंगाशी आलं.

मी धडपडलो. "मॅडम, इथल्या निम्म्या होड्यांवर असलं यंत्र आहे. तेही परदेशीच!"

"त्यांचे आकडे होडीत राहतात. याचे देशाबाहेर जातात."

या किनाऱ्यावर पूर्वी चोरून स्फोटकं उतरली आहेत. त्या तसं बोलल्या नाहीत, पण आम्हा सगळ्यांनाच ते आठवलं.

तेवढ्यात बायको पुढे झाली. "ताई, राखन करा, न्हाय कोन म्हनतो? पन मानूस यायच्या आधी सांगायचं ना. तुमचा मानूस होडीत बसवा, तुम्हीच मोजा, आकडे तुमच्या कपाटात ठेवा. त्याला जेटीपुरतं सांगा. दार उघडून पावन्याला घरात घ्यायचा नि आत आल्यावर कडी लावायची, ही कुठली रीत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण बोलावणारं खातं वेगळं, मोजायला परवानगी देणारं वेगळं, आणि मी तपासणारी. मी फक्त वर लिहू शकते."

त्यांनी लिहिलंही असेल. यंत्र आणि कागद त्या घेऊन गेल्या. पाहुण्यालाही चौकशीला नेलं. त्याला गाडीत बसवताना मी त्याची माफी मागायला गेलो, तर इंग्रजी आठवेना. त्यानेच माझ्या पाठीवर थोपटलं. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याचं काम पुन्हा सुरू व्हावं म्हणून पुढे कितीतरी दिवस मी कचेरीत जात राहिलो. प्रत्येक टेबलावरचा माणूस सभ्य होता, प्रत्येकाने पुढचं टेबल दाखवलं. मी थापाड्या आहे, हे लिहून द्यायलाही तयार होतो, पण तसा अर्जाचा नमुनाच नव्हता. मग कंपनीचं पत्र आलं. त्यांनी दुसऱ्या राज्यातला किनारा पसंत केला होता.

मी पत्र मराठीत सांगितलं, एक अक्षरही पदरचं न घालता. बायको पदर खोचत ऐकत होती.

"कुठलं गाव म्हनालात?"

मी सांगितलं.

"मग जा, तिकडंबी दोन शब्द बोलून या."

ती हसली असती तर मीही काहीतरी जोडलं असतं. ती हसली नाही. दारातली चप्पल पायात सरकवून बंदराकडे निघाली. होड्या लागायची वेळ झाली होती, आणि बर्फाच्या गाडीपुढे रांग लवकर लागते.