रोपवाटिकेतली बाई

शाळेसाठी रोपं आणायला मी दरेकसा गावच्या रोपवाटिकेत गेलो, तेव्हा तिथं काम करणारी बाई एकटीच पाणी घालत होती. विचारलं तेवढंच बोलायची. वाकलेलं रोप दिसलं की काडीचा आधार द्यायची. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: ती आधी गोंदियातल्या ज्या साडीच्या दुकानात होती, तिथला मालक तिला परत कामावर बोलावत होता.

"नाही येत, शेठ," ती म्हणाली.

"काऊन नाही?" मी विचारलं.

"तिथं दिवसभर गिऱ्हाईकासमोर हासा लागे, सर. घरी पोरीसंग बोलाचीबी ताकद नाही राहे. इथं कोनी हास म्हनत नाही, तं आपोआप हासू येते."

दुकानात तिला घुमी म्हणत असतील. इथे ती नुसती शांत होती. मी रोपं घेऊन निघालो, तेव्हा ती वाफ्यात बसून काहीतरी गुणगुणत होती.