नऊ नंबरचा चिखल

मेघाचा फोन आला तेव्हा मी दिलसुखनगरच्या किराणा दुकानात मीठ घेत उभा होतो. "काका, आई गेली... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. दुकानदार विचारत होता, "और क्या होना सार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दो किलो शक्कर." मला मधुमेह आहे, आमच्या घरात साखर येतच नाही. पण कितीतरी वर्षं मी या दुकानातून दोन-दोन किलो साखर नेत होतो, ती सुशीलाताईंच्या अळ्यांसाठी.

सुशीला गायकवाड आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. मूळच्या नांदेडकडच्या, वडील रेल्वेत लागले म्हणून लहानपणीच काचीगुड्याला आल्या आणि तिथल्याच झाल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्याशेजारी जुना मायक्रोस्कोप. दोन्ही त्या रोज पुसायच्या. हिमायतसागरच्या तळाला, चिखलात, न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या राहतात. कुठे किती राहतात, कुठल्या जातीच्या, एवढंच ताईंना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी तलावाचा एक मोठा नकाशा हाताने काढून त्यावर बारा गोल केले होते. प्रत्येक गोलावर नाव थांबवायची, दोरीला बांधलेला लोखंडी जबडा सोडायचा, तो तळाला मिटून मूठभर चिखल घेऊन येतो. एका ठिकाणच्या तीन मुठी झाल्याशिवाय ताई आकडा लिहायच्या नाहीत. चिखल चाळून दाट साखरपाण्यात टाकला की अळ्या अलगद वर तरंगतात. म्हणून स्वयंपाकघरात साखरेचे दोन डबे होते, एकावर चिठ्ठी 'चहाची', दुसऱ्यावर 'अळ्यांची'. पहिला डबा रिकामा असला तर पाहुण्याला बिनसाखरेचा चहा मिळे. "त्यांच्या तोंडचा घास काढायचा नाही," म्हणायच्या.

आता माझी करामत सांगतो. एकदा मेघाला, म्हणजे त्यांच्या लेकीला, ताप होता. ताईंनी मला एकट्याला नाववाल्या यादगिरीबरोबर पाठवलं. नऊ नंबरचा गोल तलावाच्या ऐन मध्यावर. वारा सुटला, नाव डुलायला लागली आणि मला पोहता येत नाही! माझी गाळण उडाली. मी नाव वळवायला लावली, काठाजवळच्या तीन नंबरवरच पुन्हा जबडा सोडला आणि बाटल्यांवर बेधडक 'नऊ' लिहिलं. यादगिरी बघत होता.

दुसऱ्या दिवशी ताई मायक्रोस्कोपवर बराच वेळ वाकून बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "नऊवर वारा होता का रे?"

"खूप होता ताई."

"मधल्या चिखलात वाळूचा कण नाही. आणि यांनी तर वाळूची घरं बांधलीत. बांधकामाचं सामान घेऊन पोहत गेल्या की काय?"

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाटल्या ओतून दिल्या आणि म्हणाल्या, "नऊ तूच आणायचा." त्या वर्षी परिषदेत त्यांनी नऊचा गोल कोराच दाखवला. खवचट प्रश्न आले. "तिथलं काम राहिलंय," एवढंच त्या म्हणाल्या, माझं नाव काही घेतलं नाही. ते मला आजही लागतं. स्वतः गेल्या असत्या तर एका सकाळीत काम झालं असतं, पण नाही गेल्या. मी दर हिवाळ्याला नवं निमित्त काढत राहिलो, त्या रिटायर झाल्या, आणि नकाशा प्रयोगशाळेतून त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आला. शेवटचा भेटलो तेव्हाही चहा देताना विचारलंच, "नऊ?" मी म्हटलं, "जाऊ की ताई, थंडी पडू दे." त्यांनी नुसतं स्वतःच्या कपाकडे बोट दाखवलं... त्यांचाही चहा बिनसाखरेचाच होता, साखर नऊसाठी राखलेली.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मेघाने मला गाडीत घालून तलावावर नेलं. यादगिरीचे केस आता पांढरे झालेत. "नौ नंबर? अब्बी याद आया सार?" म्हणाला आणि नाव सोडली. मी लाइफ जॅकेट घालून, एका हाताने नावेची कड घट्ट धरून जबडा सोडला. काळाभोर, कुजकट वासाचा चिखल वर आला. अत्तर वाटलं मला ते!

काचीगुड्याला घरी आल्यावर, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मेघाने डब्यावरची मराठी चिठ्ठी अडखळत वाचली, "अळ्... यांची. काका, हाच ना?" उरलेली सगळी साखर पाण्यात गेली. आम्ही दोघं परातीवर वाकून बसलो. हळूहळू लाल दोऱ्यांसारख्या अळ्या वर आल्या, पाच.

"काका, किती रेड आहेत! लिहा ना!"

मी पेन्सिल घेऊन नकाशापाशी गेलो आणि थांबलो. घाईघाईत मी एकच मूठ आणली होती. ताईंनी ही धरली नसती. मेघाने डबा उलटा करून दाखवला, "पण शुगर तर संपली."

संध्याकाळी मी दिलसुखनगरहून ती दोन किलोची पिशवी घेऊन परत गेलो. मेघाचा फोन आला त्या दिवशी घेतलेली, तशीच पडली होती, न उघडलेली. डब्यात ओतली, झाकण लावलं. यादगिरीला येत्या रविवारी साडेसहाला बोलावलंय.