निर्मलाताईंच्या गच्चीवरचे रेडिओ स्टेशन

निर्मलाताई गावंडे यांची आणि माझी पहिली भेट बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात झाली. हौशी रेडिओचा परवाना नुकताच हाती आला होता आणि मी अँटेनासाठी केबल घेत होतो. शेजारी उभ्या असलेल्या ताईंनी ती पाहिली. "अहो, ही रेडिओला लावणार आहात, की हिच्यावर कपडे वाळत घालणार?" मी ओशाळलो. मग त्यांनीच योग्य केबल निवडून दिली आणि रविवारी खडकीला घरी बोलावले.

ताई मूळच्या अमरावतीच्या. दूरध्वनी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर गेटवे स्टेशन उभारले. आमच्या खिशातले छोटे रेडिओ आपण कुठे आहोत हे थोड्या थोड्या वेळाने आपोआप कळवत असतात. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. ताईंचे स्टेशन हे संदेश पकडून इंटरनेटवर पोहोचवते आणि नकाशावर आमचा ठिपका उमटतो.

सोसायटीच्या अध्यक्षांची तक्रार होती, की या अँटेनामुळे त्यांचा टीव्ही बिघडतो. ताईंनी वाद घातला नाही. स्टेशन बंद करून त्या त्यांच्या घरी गेल्या. तरीही टीव्हीवर मुंग्या होत्याच. "आता माझे सगळे बंद आहे," ताई म्हणाल्या, "तेव्हा आपण तुमची केबल बघू." ती त्यांनी दुरुस्तही करून दिली. आज गच्चीची किल्ली ताईंकडेच असते.

वैशाली ही ताईंची शिष्या. तिला दृष्टी नाही. परवान्याच्या परीक्षेचा सगळा अभ्यास ताईंनी तिला वाचून दाखवला, मोर्सची टिंब-रेषांची सांकेतिक भाषा तोंडी शिकवली आणि अधूनमधून कोथिंबिरीचे सारण भरलेली वऱ्हाडी पुडाची वडीही खाऊ घातली.

गेल्या हिवाळ्यात दृष्टिहीनांसाठी जोडसायकलींची फेरी निघाली. पुढे डोळस स्वार, मागे दृष्टिहीन. वैशालीच्या पाठीवर रेडिओ होता, मी मदतीच्या गाडीत होतो आणि ताई खडकीला नकाशासमोर. पानशेतच्या पुढे वैशालीचा स्वार समीर चुकून जंगलातल्या कच्च्या वाटेला लागला आणि उतारावर दोघे पडले. समीरचा पाय मोडला. मोबाइलला रेंज नव्हती.

वैशालीने रेडिओ हाती घेतला. संदेश पकडून दूरवर पोहोचवणाऱ्या डोंगरावरच्या रिपीटरमुळे तिचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला. "ताई, समीरला उठता येत नाही. आम्ही कुठे आहोत, मला सांगता येत नाही."

"तुला सांगायची गरज नाही. तू मला नकाशावर दिसते आहेस," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुला लागले आहे का?"

"खरचटलंय फक्त."

"मग समीरशी बोलत राहा. गाडी तुमच्याकडे निघाली आहे."

आम्ही तर पुढे निघून गेलो होतो. ताईंनी आम्हाला मागे वळवले, ओढ्यापाशी डावीकडे घातले आणि एका वळणावर बजावले, "हळू जा, ते दोघे जवळच आहेत." पुढच्या झाडीतून वैशालीची हाक आली. समीरला वेळेत रुग्णालयात नेता आले. आज तो पुन्हा सायकल चालवतो.

वैशाली मात्र गाडीत बसायला तयार होईना. "फेरी पूर्ण करायची आहे," एवढेच ती म्हणाली. ताईंना विचारले, तर उत्तर आले, "मला काय विचारता? तिला दुसरा स्वार द्या!" आमच्यातलाच एक जण पुढे बसला. संध्याकाळी ती अंतिम रेषेवर पोहोचली, तेव्हा ताई रिक्षाने तिथे येऊन थांबल्या होत्या. एरवी रेडिओवर एकही फालतू शब्द खपवून न घेणाऱ्या ताई त्या दिवशी भर रस्त्यात शिट्टी वाजवत होत्या.

आज पंचाहत्तरी पूर्ण करताना ताई मुळशीकडच्या एका टेकडीवर दुसरे स्टेशन उभारायच्या तयारीत आहेत. टेकडी त्या स्वतःच चढणार आहेत. त्यांचे गुडघे त्यांना अशीच साथ देवोत, कान तीक्ष्ण राहोत आणि निरोगी, दीर्घ आयुष्यात त्यांच्या जिभेची धारही कायम राहो, हीच आम्हा सर्व शिष्यांची मनापासून प्रार्थना. टेकडीवर सामान वाहायला आम्ही आहोतच. फक्त ताई, चालताना जरा आमच्यासाठी थांबत चला.