मॅट्रिकला बसलेली म्हैस

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याचा चढा आवाज मी कधी ऐकला नाही. त्याचा मुलगा मॅट्रिकला होता आणि पुस्तक उघडलं की पेंगायचा. शेजारधर्म म्हणून मी छडी सुचवली.

"नाही जी," तो म्हणाला, "रागावलं का मन उडते पोराचं."

मग त्यानं मुलाला भलतंच काम सांगितलं. "बाबू, मी धार काढतो तवा मशीले थोडं वाचून दाखवत जाय. एकटीले करमत नाही तिले."

मुलगा हसला, पण रोज गोठ्यात वाचू लागला. बाप दूध काढता काढता प्रगती सांगायचा, तीही म्हशीचीच. "भूगोल बरा हाय तिचा. इतिहासात कच्ची हाय, उद्या पुन्हा सांगजो." मुलगा चिडून पुन्हा समजावायचा. मला मात्र बापाच्या डोक्याची काळजी वाटू लागली.

मुलगा पास झाला आणि कॉलेजसाठी अमरावतीला गेला. त्या संध्याकाळी म्हैस पान्हावेना. सरकीची ढेप झाली, गोंजारून झालं. शेवटी हा भूगोलाचं पुस्तक घेऊन आला आणि अक्षराला अक्षर लावत वाचू लागला. म्हशीनं लगेच पान्हा सोडला.

मग रोज तेच. एकदा मी भिंतीवरून डोकावलो, तर बादली केव्हाच भरली होती आणि हा वाचतच होता.

"दूध तं निघालं बाप्पा," मी म्हणालो.

"धडा राह्यला ना जी," तो मान वर न करता म्हणाला. "मधातच सोडला तं मन उडते."