वैशालीची डुकरं

एप्रिलमध्ये शाळेचे पेपर तपासून झाले आणि मी कुडाळहून निघाले. पनवेलला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याला उतरले. नऊच वाजले होते, पण फलाटावरचा बाक चटका देत होता. तिथून एसटीने हिंगणघाट आणि पुढे वडनेर. खिडकीबाहेर भेगाळलेली काळी रानं आणि बांधावर रचलेले पऱ्हाटीचे (वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचे) ढीग.

वैशाली माझी नागपूरच्या वसतिगृहातली मैत्रीण. पशुवैद्यक झाली, नोकरी लागली, ती सोडून दोन वर्षांपूर्वी गावाबाहेर डुकरं पाळायला लागली. "एकदा येऊन पाह्य," असं दर फोनला म्हणायची.

थांब्यावर न्यायला तिचे वडील आले होते. निवृत्त विज्ञानशिक्षक, अख्खं गाव त्यांना सर म्हणतं. स्कूटरवर माझी बॅग पायाशी घेऊन ते मला गावातली शाळा, बँक, नवा रस्ता दाखवत घरी घेऊन गेले. काकूंनी सांबारवडी केली होती. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर, हे मला पहिला घास घेतल्यावर कळलं. सर माझ्याशी कोकणातल्या पावसाबद्दल बोलले, नव्या पाठ्यपुस्तकांबद्दल बोलले. लेकीच्या कामाबद्दल एक शब्द नाही.

"बाबा अजून एकदाबी वावरात (शेतात) आले नाई," वैशालीने दुसऱ्या दिवशी रस्त्यात सांगितलं.

"का?"

"वर्गात समता शिकवली त्यांनी जन्मभर. पण पोरगी डुकरं राखते म्हटलं की त्यांची मान खाली जाते. मी लय समजावलं. पुस्तकंबी वाचाले दिली."

मला वाटलं होतं घाण वास येईल. आला, पण गोठ्याइतकाच. कडुलिंबाखाली सिमेंटच्या खोल्या, वर गवताचं छप्पर, पाण्याचे फवारे. देवकाबाई तिथे झाडत होत्या. साठीच्या असतील. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गावठी डुकरं होती, आणि वैशालीला पहिली मादी त्यांनीच निवडून दिली होती.

"विलायती पांढरं झटपट वाढते," वैशाली सांगू लागली. "अंगावर मांस धरते, चरबी कमी. पण आपल्या उन्हात त्याचे हाल. डुकराले घाम येत नाई ना. म्हणून संकर केला."

"अन् काया (काळा) जो आहे," देवकाबाई खराटा टेकवून म्हणाल्या, "त्याले ऊन चालते, उपास चालते. घाई तेवढी चालत नाई."

मैना नावाची मादी त्या दोघींच्या वादातून जन्मली होती. आई गावठी काळी, बाप विलायती पांढरा. रंगाने पांढरी, कान लांब, पोट जमिनीला टेकलेलं. या खेपेला देवकाबाईंच्या हट्टाने तिला काळा नर दाखवला होता आणि तिचे दिवस भरत आले होते. मी कुंपणावर हात ठेवला तर तिने माझी बोटं ओल्या नाकाने एकेक करून तपासली.

खाण्याचा फरक मला दुपारी जेवताना समजला. एकाच वेतातल्या (एकाच वेळी जन्मलेल्या) दोन भावांचं मांस देवकाबाईंनी वेगवेगळ्या भांड्यांत शिजवलं होतं. एक वैशालीकडे मका, कोंडा आणि सोयाबीनच्या ढेपेवर (पेंडीवर) वाढलेला. दुसरा देवकाबाईंच्या भावाकडे, हॉटेलातल्या उरल्यासुरल्या तळणावर. शिजवण्याआधी वैशालीने मला दोन्ही तुकडे दाबायला लावले. पहिल्याची चरबी पांढरी, घट्ट. दुसऱ्याची मऊ आणि तेलकट, बोट रुतत होतं.

"आईबाप तेच. पण जे खाल्लं ते चरबीत उतरलं," ती म्हणाली.

मी मासे खाणारी, तरी पहिला घास तोंडाशी नेताना हात अडला. देवकाबाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून खाल्ला. मग भाकरीबरोबर आणखी तीनदा मागून घेतला, पहिल्या भांड्यातला. दुसऱ्याला शिळ्या तेलाचा वास होता.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून वीज गेली. फवारे थांबले, बोअरची मोटर बंद, टाकी दुपारी बारापर्यंत कोरडी. मैना कुशीवर पडली होती, तोंड उघडं, पोट भात्यासारखं हलत होतं. मी धावत जाऊन माठ उचलला आणि तिच्या अंगावर ओतणार, तोच वैशालीने माझं मनगट धरलं.

"थांब! इतकं गार एकदम नको. मरून जाईल ती."

माठात होतं तेही तांब्याभरच. तिने फोन काढला, क्षणभर हातात धरून ठेवला आणि लावला.

"बाबा, पाणी पायजे. मैना जाऊन राह्यली."

वीस मिनिटांत स्कूटर आली. पायाशी दोन कॅन, मागे बांधलेली ओली पोती. सरांनी चपला कुंपणाबाहेर काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सरळ मैनेशेजारच्या चिखलात बसले.

"वैशू, सांग. काय करू?"

"आधी पाय ओले करा. मंग मानेवर पोतं."

ते ती सांगेल तसं करत गेले. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते, देवकाबाई मैनेच्या ओठांवर पाणी टिपत होत्या. सर घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते हळूच म्हणाले, "कमी होऊन राह्यले."

वैशाली उठून कडुलिंबामागे गेली आणि रडून आली.

सर दुसऱ्या दिवशी न बोलावता आले. त्याच्या पुढच्या सकाळी मैना व्याली तेव्हाही ते तिथेच होते. नऊ पिल्लं. पाच पांढरी, चार काळी.

"सर, हे चार आपले गाववाले!" देवकाबाई ओरडल्या.

सर वाकून पुन्हा पुन्हा मोजत होते. "तीस वर्षं फळ्यावर वाटाणे काढून आनुवंशिकता शिकवली," ते मला म्हणाले. "डोळ्यानं आज पाह्यली."

निघताना थांब्यावर तेच सोडायला आले. एसटीचा कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. पाया पडून त्याने विचारलं, "सर, ताई कुठं असते आता?"

"इथंच," सर म्हणाले. "डुकरं पाळते." मग माझी बॅग आत सरकवत म्हणाले, "चांगली पाळते. येजो एकदा पाहाले."

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. वैशालीने दोन वर्षं सरांना समजावलं होतं, पुस्तकं दिली होती, भांडलीही होती. मदतीला हाक मात्र तिने त्या दुपारी पहिल्यांदाच मारली होती.