बर्णबा पाळकांची लातूरची मंडळी

रेव्हरंड बर्णबा लोखंडे १९९१ साली मिरजेहून लातूरला बदलून आले, तेव्हा पहिली अडचण आली ती बोर्डाची. फाटकावर ‘प्रेस्बिटेरियन मंडळी, लातूर’ असं ठळक लिहिलेलं होतं, पण तो शब्द गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना. रिक्षावाले ‘पत्र्याचं चर्च’ म्हणायचे आणि पोस्टमन ‘प्रेसवाले’. परिणामी पहिल्या महिन्यातच दोघंजण लग्नपत्रिका छापायला येऊन गेले. पाळकसाहेबांनी दोघांनाही बसवून चहा पाजला आणि पवित्र विवाहावर दोन शब्द सांगितले. ते परत आले नाहीत.

मंडळी होती अकरा कुटुंबांची. या पंथात कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो, मंडळीने निवडलेली जाणती माणसं तो बघतात आणि त्यांना ‘वडील’ म्हणतात. इथले मुख्य वडील होते किशनराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. कशालाही होकार देण्याआधी पाळकसाहेब “वडिलांना विचारून सांगतो” म्हणायचे. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या रहमतबी वर्षभर किशनरावांना पाळकसाहेबांचे अब्बाच समजत होत्या.

“बाप-लेकात दहाच वर्षाचं अंतर, कमाल हाय,” असं त्या एकदा सुवार्ताबाईंना, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीला, म्हणाल्या. सुवार्ताबाई आठवडाभर हसत होत्या.

पाळकसाहेब माणूस प्रेमळ, आजाऱ्याकडे भर उन्हात सायकलने जाणारे. दोष एकच. त्यांचा उपदेश सव्वा तासाच्या आत संपत नसे. मिरजेला लोक तयारीचे होते, इथे शेवटच्या बाकावर माना डुलायला लागत. किशनराव तासाभराने दोनदा खोकत. हीच त्यांची डबल बेल, पण गाडी काही हलायची नाही. घरी सुवार्ताबाई म्हणायच्या, “अहो, पौल प्रेषिताचा सगळा प्रवास तुम्ही पायी करवता लोकांकडून.” यावर पाळकसाहेब पुढच्या रविवारी आणखी एक टिपण वाढवत.

मग १९९३ च्या सप्टेंबर अखेरीस भूकंप झाला. पाळकसाहेब आणि किशनराव त्याच सकाळी एका ट्रकबरोबर औशाकडच्या खेड्यांत गेले. तीन दिवस त्यांनी दगड उचलले, पाणी वाटलं, सरणाला लाकडं वाहिली. सांत्वनाची वचनं त्यांना शेकड्याने पाठ होती. तिथे त्यांना एकही म्हणता आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी परतले तर चर्चचं फाटक सताड उघडं. आत बाजा, वळकट्या, पाण्याचे हंडे. शहरात दगडी घरांत झोपायला कुणी तयार नव्हतं. चर्चला पत्र्याचं हलकं छप्पर आहे हे रहमतबींनी हेरलं आणि अख्खी गल्ली आत आणून घातली. स्वतः त्या पायरीवर चूल मांडून बसल्या होत्या.

“पाळकसाब, तुमच्या बाईला विचारलं बरं का,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडलाला विचाराया ते गावात नव्हते.”

रविवारी सकाळी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले तेव्हा समोर चाळीसच्या जागी दीडशे माणसं होती. लिंगायत, मुसलमान, मराठे, सगळी बाकांवर, सतरंजीवर, खिडकीत. एवढी मंडळी त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. काल हरवलेले शब्द आज अचानक तोंडात आले. ते बोलू लागले आणि चांगलं बोलू लागले. तास उलटून गेला तरी किशनरावांचा खोकला आला नाही. पाळकसाहेबांना वाटलं, आज खरंच काळजाला भिडतंय. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. किशनराव तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्यामागची रांग झोपली होती. जवळजवळ सगळंच चर्च झोपलं होतं.

पहिल्या बाकावर मल्लम्मा नावाची एक म्हातारी होती. तिचं घर आणि नवरा दोन्ही गावाकडे मातीत गेले होते आणि जावयाने तिला इथे आणून सोडलं होतं. गुरुवारपासून तिने डोळा मिटला नव्हता, नुसती भिंतीकडे बघत बसायची. आता ती सुवार्ताबाईंच्या खांद्यावर डोकं टाकून बारीक घोरत होती. सुवार्ताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

पाळकसाहेबांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. आशीर्वाद इतक्या हळू आवाजात दिला की तो त्यांनाही नीट ऐकू आला नाही. मग चपला हातात घेऊन ते वेदीच्या पायरीवर बसले आणि तिथेच टेकून झोपले. दुपारी रहमतबींनी सगळ्यांना खिचडीला उठवलं.

“लई झ्याक झालं आजचं,” किशनराव आळस देत म्हणाले. त्यांनी एक शब्दही ऐकला नव्हता.

गल्ली दीड महिना राहिली आणि गेली. पुन्हा अकरा कुटुंबं उरली. पाळकसाहेबांचा उपदेश मात्र वीस मिनिटांवर आला आणि तिथेच थांबला.

पुढे लातूरला शिकवण्यांचा पूर आला. चर्चच्या आजूबाजूला वसतिगृहं आणि खानावळी उभ्या राहिल्या. मुखेडची राजकन्या नावाची मुलगी रहमतबींच्या माडीवर एका खोलीत पाचजणींबरोबर राहायची. खोलीत वाचायला जागा नाही म्हणून सुवार्ताबाईंनी तिला दुपारी चर्चमध्ये बसू दिलं. ती पोरगी सीईटीत चमकली आणि मेडिकलला लागली. रहमतबींनी दुकानात बसून सांगितलं, “पाळकसाबच्या दुआचा असर.” खरं तर पाळकसाहेबांनी तिच्यासाठी फक्त पंखा लावून दिला होता.

पुढच्या वर्षी परीक्षेआधीच्या रविवारी फाटकाबाहेर पालकांची आणि पोरांची रांग लागली. पालकांच्या हातात हॉलतिकिटं, पेनं, कंपासपेट्या. सगळ्यांना पेनावर पाळकसाहेबांचा हात ठेवून हवा होता. पाळकसाहेब घाबरले. ते पायरीवर उभे राहून म्हणाले, “आमच्याकडे पेनांवर आशीर्वाद देत नाहीत. देवाची कृपा कमावता येत नाही, ती फुकट असते.”

रांगेतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. “फुकट म्हंजे मेरिटवर का? मंग डोनेशनवाल्यांनी कुठं थांबावं?”

पाळकसाहेब आत गेले आणि वडिलांची तातडीची सभा बोलावली. सगळ्यांना हाकलून द्यावं, असं पाळकसाहेबांचं म्हणणं.

“साहेब,” किशनराव म्हणाले, “इतकी वर्षं आपन ‘या, या’ म्हनून राहिलो. आता आले तर उतरून द्यायचं? सीटा रिकाम्याच हायत की.”

बराच वेळ काथ्याकूट झाला. शेवटी पाळकसाहेब बाहेर आले आणि म्हणाले की प्रार्थना सगळ्यांसाठी एकच होईल, पेनं खिशात ठेवा. पण आधी प्रत्येकाने आपल्या लेकराजवळ बाकावर अर्धा तास बसून बोलायचं. मार्क, अभ्यास, क्लास हे शब्द वर्ज्य.

दहा मिनिटांत चर्चमध्ये अशी शांतता पसरली की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. कुणाकडे बोलायला दुसरं काही नव्हतं. किनवटचे निजामोद्दीन मिस्त्री, सागवानाचं काम करणारे सुतार, आपल्या नाजियाजवळ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

“जेवलीस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हाव.”

मिस्त्रींनी गुडघे चोळले. “मेसमधी काय असतं?”

“वरण,” नाजिया म्हणाली. “त्यात डाळ शोधाया लागते. परवा एक दाना सापडला तर आम्ही सहाजणींनी त्याला नाव ठेवलं.”

“काय ठेवलं?”

“इकलौता.”

मिस्त्री खो खो हसले. आजूबाजूचे बाप दचकून बघू लागले. नाजियाही हसली आणि हसता हसता रडायला लागली. रडत रडत म्हणाली, “अब्बा, मला रक्त पाहिलं की चक्कर येते. दोन वर्षांपासून सांगून राहिले, तुम्ही फोनवर मार्कच विचारता.”

परीक्षेत नाजियाला मेडिकल मिळालं नाही. निकालानंतर मिस्त्री आले, तेव्हा पाळकसाहेब मनातून धास्तावले होते.

“तुमची दुआ थोडी कमी पडली,” मिस्त्री म्हणाले.

“हो,” पाळकसाहेब म्हणाले. “माझ्याकडे तेवढीच होती.”

“तिला शेतकी कॉलेजात जायचं हाय. जाऊ दे म्हनलं. आता दर रातच्याला फोन करते, तासभर बोलते. माझं जेवन थंड होतं.” हे ते तक्रारीच्या सुरात सांगत होते, पण मिशीत हसत होते. “तुमचे बाक लई करकरतात, साहेब. पोरगी बोलत होती तर मला निम्मंच ऐकू आलं.”

दोन महिन्यांनी टेम्पोतून एक सागवानी बाक आलं. मिस्त्रींनी माप नजरेनंच घेतलं होतं, त्यामुळे ते चर्चच्या दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, किशनरावांनी कंडक्टरच्या आवाजात सूचना देऊन पाहिल्या. अखेर ते बाहेर लिंबाखाली ठेवलं. रविवारी उपासना सुटली की मंडळी थेट घरी जायची सोडून तिथे बसायला लागली. रहमतबी सुपारी कातरत येऊन बसायच्या. पाळकसाहेबांना टोकाला जेमतेम जागा मिळायची, ते तिथे बसून ऐकत राहायचे.